आधी वस्तू शोधा, मग जखम बघा: मुलांच्या खोल घुसलेल्या जखमा कशा ओळखायच्या

वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या दवाखान्यात सकाळपासून जी रांग लागते ती सगळी मांजाने बोटं कापलेल्यांची. धुवा, पट्टी, टिटनस, पुढचा. असंच एका वर्षी सहा वर्षांचा एक मुलगा आला, वरच्या पापणीवर जेमतेम अर्धा सेंटीमीटर चीर, रक्त थांबलेलं, स्वारी हातात चिक्की घेऊन मजेत. आई म्हणाली अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पळताना पडला, हातातला पतंग लागला. मी डोळा उघडून बघितला, बुबुळ ठीक, दिसतंय का विचारलं तर म्हणे हो, मग एक टाका मारला आणि घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ताप, उलट्या आणि पापणी सुजून डोळा बंद. सीटी केला तर पतंगाच्या कमानीचा, म्हणजे त्या बांबूच्या वाकवलेल्या काडीचा, तीन सेंटीमीटर तुकडा डोळ्याच्या खोबणीचं छप्पर फोडून वर मेंदूपर्यंत गेलेला. ऑपरेशन झालं, मुलगा वाचला, नजरही राहिली. नंतर त्याचे बाबा तो पतंग घेऊन आले मला दाखवायला, कमानीचं एक टोक तुटलेलं होतं, आणि म्हणाले, "मॅडम, हा तर तेव्हापासून आमच्या कपाटावरच पडलाय." माझं फक्त एवढंच विचारायचं राहिलं होतं की पतंग कुठाय.

त्या दिवसापासून माझी पद्धत उलटी झाली. आधी वस्तू, मग जखम. कारण कातडीवरचं भोक तुम्हाला खोलीबद्दल काहीच सांगत नाही, मुलांची कातडी लवचिक असते, काडी आत गेली की भोक मिटून येतं, रक्त बाहेर येतच नाही आणि दहा मिनिटांत मूल परत खेळायला लागतं. वस्तू मात्र खोटं बोलत नाही. खाली लिहिलंय ते आईबाबा, शाळेतल्या बाई आणि माझ्यासारखे गल्लीतले डॉक्टर अशा सगळ्यांसाठी लिहिलंय, ज्याला जे लागू ते घ्या.

पहिलं काम: चौकशी

चार गोष्टी विचारायच्या. काय लागलं, ते किती लांब आणि कशाचं होतं, कुठल्या दिशेने गेलं, आणि आता ते अख्खं आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. घरातल्या एका माणसाला सरळ अगाशीवर किंवा अंगणात पाठवा, म्हणावं ती काडी, ती पेन्सिल, ती फुटलेली बाटली जी असेल ती शोध आणि डब्यात घालून दवाखान्यात आण. तुकडे जुळवून बघा. पेन्सिलीचं टोक आहे का, टूथब्रशचा दांडा तुटलाय का, काचेच्या बांगडीचे तुकडे लावून गोल पूर्ण होतोय का. तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर ती पण आणा, म्हणजे किती लांबीचा तुकडा गायब आहे ते मापता येतं.

आता मूल खरं सांगेल याची खात्री नाही, आणि त्यात त्याची चूक नाही, "पेन्सिल तोंडात घालून पळू नको" हे शंभर वेळा ऐकलेलं असतं त्यामुळे मार पडेल या भीतीने ते "पडलो" एवढंच सांगणार. दोन वर्षांचं असेल तर तेही नाही. म्हणून भावंडांना विचारा, शेजारच्या मुलांना विचारा, आणि विचारताना आवाज खाली ठेवा. मी आईबाबांना सरळ सांगते की रागवायचं असेल तर उद्या रागवा, आज नाही. कुणीच बघितलं नसेल, मूल एकटं असताना अचानक किंचाळलं असेल आणि अंगावर बारीक भोक असेल, तर काहीतरी घुसलंय असंच धरून चाला जोपर्यंत उलटं सिद्ध होत नाही.

जानेवारीत अजून एक भानगड असते, स्वेटर. जखम दिसते छातीवर छोटीशी, स्वेटर आईने काढून बाजूला टाकलेला असतो. तो स्वेटर परत आणायला लावते मी. त्याच्यावर भोक असेल आणि तिथली लोकर गायब असेल तर ती लोकर मुलाच्या आत आहे, आणि पुढे पू होणार तो तिच्यामुळेच. तेच चपलेचं. पायात खिळा घुसला की सगळे पाय बघतात, मी स्लीपर उलटी करून बघते, रबराचा गोल तुकडा निघालेला असेल तर तो तळव्यात गेलाय.

घरी पहिल्या दहा मिनिटांत

वस्तू आत अडकलेली दिसत असेल तर काढू नका. कृपा करून काढू नका. ती वस्तू आत कुठली तरी रक्ताची नळी दाबून बसलेली असू शकते, बाहेर काढली की बूच उघडल्यासारखं होतं, आणि लाकूड असेल तर ओढताना आत तुटतं. तिच्या भोवती कापडाची चुंबळ करा, डोक्यावर घागर ठेवायला करतात तशी, आणि हलणार नाही असं बांधा. एखादा मुलगा गजावर अडकला असेल तर त्याला उचलून गजातून काढायचं नाही, त्याला आधार देऊन धरायचं आणि गज कापायला फायर ब्रिगेडला बोलवायचं, तसाच गजासकट दवाखान्यात न्यायचा.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, वस्तूच्या बाजूने, वस्तूवर नाही. हळद, कुंकू, कॉफी, तंबाखू, टूथपेस्ट यातलं काहीही भरू नका. हळदीबद्दल मला आज्ज्यांशी भांडायचं नाहीये, साध्या खरचटण्याला लावा हवी तर, पण खोल भोकात भरलेली पूड आत जाते आणि आम्हाला वरून काही दिसत नाही. भूल द्यायची वेळ येऊ शकते म्हणून खायला प्यायला काही नको, उंधियू नको, जिलेबी नको, आणि "शांत व्हावा म्हणून थोडं दूध दिलं" तर अजिबातच नको.

छातीच्या भोकातून हवा फसफस येत असेल तर त्याच्यावर प्लास्टिक लावून घट्ट बंद करू नका, आत हवा कोंडली की फुप्फुस दाबलं जातं आणि मुलांमध्ये हे फार भराभर होतं. उघडं राहू द्या, रक्त येत असेल तेवढ्यापुरतं कापडाने दाबा, मुलाला बसतं करा आणि १०८ लावा.

दवाखान्यात: आधी अख्खं मूल

हे ज्युनियर डॉक्टरांसाठी. भोकाकडे डोळे लावून बसू नका. आधी श्वास, रंग, नाडी, शुद्ध. मुलांचं शरीर रक्त गेल्याचं फार शिताफीने लपवतं, बीपी शेवटपर्यंत नॉर्मल दाखवतं. हिशोब बघा: मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त, म्हणजे १५ किलोच्या मुलात १२०० मिली. बीपी पडायला जवळजवळ ३० टक्के रक्त जावं लागतं, म्हणजे साधारण ३५० मिली, पाण्याचे दोन छोटे पेले. तेवढं रक्त मांडीत किंवा पोटात बाहेर एक थेंब न येता मावतं. म्हणून बीपी चांगलंय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, आणि बीपी पडलं तर उशीर झालाय असं समजायचं. बीपीच्या वरच्या आकड्याची खालची मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे, एक ते दहा वर्षांच्या मुलात वयाची दुप्पट अधिक ७०.

त्याच्या आधी काय दिसतं? नाडी पळते. एक ते तीन वर्षांचं मूल शांत असताना १५० च्या वर, शाळेत जाणारं १२० च्या वर, रडणं थांबल्यावर सुद्धा, तर काहीतरी चाललंय. हातपाय गार. छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा, तीनच्या वर गेला तर नाही चालणार. हे बोटावर न करता छातीवर करा कारण जानेवारीत अगाशीवरून आलेल्या मुलाची बोटं तशीही गारच असतात. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे रडणारं मूल एकदम गप्प झालं. आईबाबांना वाटतं बरं वाटतंय. मला घाम फुटतो.

मग सगळे कपडे काढा. सगळे. लंगोट पण. केसांत हात फिरवा, कानामागे, काखेत, पाठीवर, ढुंगणाच्या फटीत, तोंडाच्या आत. एक भोक सापडलं म्हणून थांबायचं नाही, आत गेलेली गोष्ट बाहेर कुठून आली ते बघायचं. छर्‍याच्या बंदुकीचं गणित तर अगदी सरळ आहे: भोकं आणि एक्सरेत दिसणारे छर्रे मिळून बेरीज सम आली पाहिजे, विषम आली तर अजून एक भोक किंवा अजून एक छर्रा तुम्हाला सापडलेला नाही. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीचा छर्रा ४.५ मिलीमीटरचा असतो, खेळणं वाटतं, पण जवळून लागला तर लहान मुलाच्या कवटीतून आणि फासळ्यांमधून आत जाऊ शकतो.

आणि जखमेत सळई किंवा चिमटा घालून "किती खोल आहे बघू" असं करू नका. मानेत, छातीत, पोटात तर नाहीच. बसलेली गुठळी निघते, आणि खोली तरी कळते कुठे, स्नायू सरकलेले असतात, तुमची सळई एका ठिकाणी अडते आणि तुम्हाला वाटतं संपलं.

तोंड

टूथब्रश, पेन्सिल, स्ट्रॉ, पिपाणी, आइसक्रीमची काडी. तोंडात घालून पळणं आणि पडणं, साधारण एक ते चार वर्षं हे याचं वय. टाळूला भोक पडतं, थोडं रक्त येतं, थांबतं. बहुतेक वेळा टाके सुद्धा लागत नाहीत, आपलं आपण भरतं, हे खरंच आहे. पण टाळूच्या बाजूला, टॉन्सिलच्या आसपास लागलं असेल तर त्याच्या मागूनच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. तिला नुसता दाब बसला तरी आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी बनायला लागते आणि मूल काही तास, कधी दोन तीन दिवस अगदी छान असतं आणि मग एकदम एक हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं. हे क्वचित होतं, फारच क्वचित, पण झालं तर भयंकर.

म्हणून बॅटरी घेऊन बघा, मध्ये लागलंय का बाजूला ते लिहून ठेवा. मानेवर बोटांनी दाबा, पापड मोडल्यासारखं चुरचुर लागलं तर कातडीखाली हवा आहे. लाळ गिळत नाही, आवाज बसलाय, मान सुजतेय, तोंड उघडत नाही, वस्तू तुटलेली आहे, यातलं एक जरी असेल तर रक्तवाहिन्यांचा सीटी. बाजूला लागलंय पण मूल ठणठणीत असेल तिथे डॉक्टरांमध्येही मतं वेगळी आहेत, काही जण सीटी करतात, काही ठेवून बघतात. मी मोठ्या दवाखान्यात पाठवते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते. घरी पाठवलंच तर तीन दिवस काय बघायचं ते आईला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं रस्त्यातच विसरलं जातं.

जाता जाता, पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, त्यामुळे "विषबाधा होईल का" ही भीती काढून टाका. टोक आत राहिलं तर निळसर डाग आयुष्यभर राहतो एवढंच.

डोळा

बुबुळाची गोल बाहुली एका बाजूला ओढली जाऊन थेंबासारखी दिसतेय, पांढऱ्या भागात चहूकडे लालभडक रक्त साचलंय, डोळा दुसऱ्यापेक्षा बसलेला वाटतोय, तर तिथेच थांबा. डोळा दाबून उघडायचा नाही, थेंब घालायचे नाहीत, धुवायचा नाही, वर कापूस ठेवून पट्टी तर नाहीच नाही. चहाच्या कागदी कपाचा खालचा भाग कापा, डोळ्यावर टोपीसारखा ठेवा, कडा हाडावर टेकतील अशा, आणि चिकटपट्टी लावा. रडून आणि उलटी करून डोळ्यातला दाब वाढतो म्हणून उलटीचं औषध लवकर द्या. डोळ्यात रसायन गेलं असेल तेव्हा मात्र उलट, तेव्हा धूत राहायचं, या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

आता पापणी. पापणीवरची चीर आणि खाली डोळा चांगला, हे ऐकायला बरं वाटतं, पण मग वस्तू गेली कुठे? वरच्या पापणीतून गेली तर वर खोबणीचं छप्पर, मुलांमध्ये ते अगदी कागदासारखं पातळ, आणि त्याच्या वर लगेच मेंदू. म्हणून टोकदार लांब वस्तू, वरची पापणी, आणि वस्तूचा तुकडा कमी, हे तीन एकत्र आले की मूल कितीही हसत असलं तरी सीटी. रेडिओलॉजिस्टला स्पष्ट लिहून द्या की लाकूड शोधताय, कारण सुकं लाकूड सीटीत काळं दिसतं, हवेसारखं, आणि न सांगितलं तर हवा म्हणून सुटतं. आमच्या त्या मुलाच्या वेळी सुद्धा पहिला रिपोर्ट "थोडी हवा" असाच होता, पतंग आल्यावर परत बघितला. धातूचा संशय असेल तर एमआरआय नाही, चुंबकाने तुकडा आत सरकतो.

पतंग पकडायला पोरं बांबूला काटेरी झुडूप बांधून रस्त्यावर पळतात ना, त्यात बाभळीचा काटा डोळ्यात जाणं ही वेगळी गंमत. काट्याची जखम दुसऱ्या दिवशी मिटलेली असते आणि आठवड्याने डोळा पांढरा होतो. आणि फुटलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष झालं तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा, चांगला डोळाही सुजून अधू होऊ शकतो, हे फार लोकांना माहीत नाही.

मान आणि मांजा

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी दर वर्षी कुठून तरी मिळतोच. स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल, समोरून आडवी दोरी. जखम लांब आणि सुरीने कापल्यासारखी दिसते, तर लोक म्हणतात वरवरची आहे. मानेच्या कातडीखाली स्नायूची एक पातळ चादर असते, ती कापली गेली असेल तर ती खोल जखम, मग ती बारा सेंटीमीटरची असो की एक. बुडबुडे येतायत, सूज वाढतेय, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, आवाज बदललाय, थुंकीत रक्त आहे, असं असेल तर सरळ ऑपरेशन असलेल्या ठिकाणी, मध्ये कुठे ड्रेसिंगला थांबू नका. स्कूटरवर पुढे मूल उभं करणं उत्तरायणाच्या आठवड्यात तरी बंद करा, एवढं एक बोलून घेते.

छाती, पोट आणि जिथे आपण बघत नाही ती जागा

छाती कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं ही रेघ आपल्याला वाटते तिथे नाही. श्वास सोडला की छाती आणि पोटाच्या मधला पडदा स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर येतो. म्हणजे त्याच्या खाली कुठेही भोक असेल तर ते छातीत पण असू शकतं आणि पोटात पण, डावीकडे प्लीहा, उजवीकडे यकृत. दोन स्तनाग्रांच्या मधलं, गळ्यापासून फासळ्यांच्या कमानीपर्यंतचं भोक म्हणजे हृदयाचा दरवाजा, तिथे सुई जरी घुसली तरी हलकं घेऊ नका. सुया फिरतात. आजी गोधडी शिवत असते, सुई गादीत राहते, रांगणारं बाळ तिच्यावर गुडघा टेकतं किंवा पालथं पडतं. बाळ पाय टेकवत नाही एवढीच तक्रार असते, आठवडाभर तेल लावून मालिश चालते, आणि एक्सरेत अर्धी सुई दिसते. आजीला विचारलं तर म्हणते, "हो गं, मोडली होती, अर्धीच सापडली." म्हणून घरात सुया मोजून ठेवायच्या, मोडलेली सुई म्हणजे दोन तुकडे, दोन्ही सापडेपर्यंत बाळ जमिनीवर सोडायचं नाही.

पोटाच्या भोकाला एकदा तपासून काही होत नाही. आतडं फुटलेलं पहिल्या दोन तासांत सोनोग्राफीत दिसत नाही, कधी सीटीतही नाही. त्याच डॉक्टरने तेच पोट दर काही तासांनी दाबून बघायचं, निदान २४ तास ॲडमिट. पोट कडक होतंय, नाडी चढतेय, खांदा दुखतोय म्हणतो, लघवीत रक्त, यातलं काही आलं की सर्जन. "सोनोग्राफी नॉर्मल आली, घेऊन जा" असं म्हणणारे भेटले तर परत विचारा की परत कधी तपासणार.

आणि ढुंगण. कुंपणावरून उडी मारताना घसरला, तुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, उभ्या काठीवर पडला. मुलं लाजतात, आईही बघायला बिचकते, आणि डॉक्टर पण वरून पट्टी लावतात. तिथून गुदद्वाराचं आतडं, मूत्राशय, पायाची मोठी नस (मज्जातंतू) सगळं हाकेच्या अंतरावर आहे. चड्डीवर रक्त आहे का, लघवी झाली का आणि लाल आहे का, पाऊल वर उचलता येतंय का हे बघायचंच. मुलींमध्ये नीट तपासायचं तर बऱ्याच वेळा भूल देऊनच तपासावं लागतं, रडणाऱ्या मुलीला चौघांनी धरून नाही. आणि सांगितलेली गोष्ट जखमेशी जुळत नसेल, चार महिन्यांचं बाळ "स्वतः सुईवर गेलं" असं कुणी म्हणत असेल, तर ते मनात ठेवून सोडू नका. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरला आणि इतरांनाही.

हात पाय

काचेने हात कापला तर शिवायच्या आधी बोटं हलवून बघा. लहान मूल ऐकणार नाही तर नुसतं झोपू द्या आणि हाताकडे बघा: झोपलेल्या हाताची बोटं करंगळीकडे जास्त जास्त वाकलेली असतात, एखादंच सरळ राहिलं असेल तर त्याची दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटलीय. नस, म्हणजे मज्जातंतू, तुटलीय का हे बघायला माझी आवडती युक्ती म्हणजे कोमट पाण्याची वाटी, बोटं अर्धा तास बुडवून ठेवा, मूल खेळतंही छान, चांगल्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, नस तुटलेलं बोट गुळगुळीतच राहतं. जखम कोरडी राहील असं बघा तेवढं.

पायात खिळा गेला, दोन दिवस बरं वाटलं आणि पाचव्या सातव्या दिवशी परत दुखायला लागलं, तर हाडात पू होतोय का बघायलाच हवं. बुटातून घुसलेल्या खिळ्यात एक वेगळा जंतू असतो ज्याला नेहमीचं अँटिबायोटिक लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरला बूट घातला होता हे आवर्जून सांगा.

कुत्र्याचा दात हीसुद्धा घुसलेलीच वस्तू आहे. बाळाच्या डोक्याला चावलं असेल तर केसांत दोन ठिपके दिसतात आणि खाली कवटीला भोक असू शकतं, तेव्हा १५ मिनिटं साबणाने धुणं आणि रेबीजची लस आणि सीरम हे तर आहेच, वर डोक्याचा सीटी.

कशात काय दिसतं

एक्सरेत धातू दिसतो, काच बहुतेक सगळी दिसते, अगदी दोन मिलीमीटरची सुद्धा. लाकूड, काटा, प्लास्टिक दिसत नाही. त्यामुळे "एक्सरे क्लिअर" या शब्दांवर काट्याच्या बाबतीत विश्वास ठेवू नका, हातापायाला सोनोग्राफी करा, तीही त्या कामाचा हात असलेल्याकडून. एक्सरे नेहमी दोन बाजूंनी, समोरून आणि आडवा, आणि भोकाच्या जागी कातडीवर कागदाची क्लिप चिकटपट्टीने लावून, म्हणजे आतली वस्तू भोकापासून किती लांब गेलीय ते कळतं. आठ आण्याची क्लिप, पण फार काम करते.

टिटनस, पोलीस आणि घरी गेल्यावर

टिटनसचं इंजेक्शन म्हणजे उपचार झाला असं नाही, तो फक्त एक भाग. लसीचं कार्ड आणा. तीन डोस पूर्ण असतील आणि शेवटच्याला पाच वर्षं झाली नसतील तर खोल घाणेरड्या जखमेलाही परत लागत नाही. पाचच्या वर झाली असतील तर एक बूस्टर. तीन डोस झालेच नसतील किंवा माहीतच नसेल तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन पण, वेगळ्या जागी.

खूप घरं पोलिसांच्या भीतीने मुलाला छोट्या दवाखान्यांत फिरवत राहतात, "एमएलसी", म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, "होईल" म्हणून. होऊ दे. ती नुसती नोंद असते. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की जीव आधी, कागद नंतर, आणि हे सरकारी खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. मान, छाती, पोट, डोळा, डोकं यात काही घुसलं असेल तर माझ्यासारख्याकडे येऊच नका, १०८ लावा नाहीतर रिक्षा करा आणि जिथे रात्रीही सीटी आणि सर्जन आहे तिथे जा, आमच्याकडून सयाजी हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे आणि उत्तरायणाच्या दोन दिवसांत मांडवीकडचे रस्ते तुंबतात तेव्हा रावपुऱ्याच्या बाजूने निघा.

घरी पाठवलेल्या मुलाला मी ४८ तासांनी परत बोलावतेच, पट्टी वरून कोरडी असली तरी. त्याच्या आधी ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, झोपाळू झाला, उलट्या, नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळतंय, हात किंवा पाय वापरत नाही, तर रात्री दोन वाजता पण निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि तो डबा, ज्यात वस्तू ठेवली होती, जखम भरून महिना होईपर्यंत फेकू नका. काटा आणि लाकूड कधी कधी तीन आठवड्यांनी गाठ होऊन वर येतं, तेव्हा सर्जन पहिलं तेच मागतो.